रशियन कॅसेट आणि आईचा धवला

उल्हासनगरच्या दुकानदाराने "क्लासिकल है बहेनजी, ले जाओ" म्हणत ती कॅसेट माझ्या गळ्यात मारली. मला वाटलं, सतार असेल. घरी लावली तर रशियन ऑर्केस्ट्रा! कपाळावर हात मारून घेतला. पण तेव्हा मी अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. दिवसभर उभं राहून पाय असे भरून यायचे, की कॅसेट बदलायला उठायचाही कंटाळा. मग तीच वाजत राहायची, आणि मेली आवडायलाही लागली.

त्यात एक चाल सारखी यायची. आधी एकटी बासरी, मग सगळी व्हायोलिनं. एकदा भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "ह्यो लग्नातला हाय. पोर सासरी चाललीय." मी कव्हरवरचं इंग्रजी डिक्शनरी घेऊन वाचलं. खरंच की! तिकडच्या खेड्यातल्या बायकांचं लग्नातलं गाणं. संगीतकाराने त्यांच्याकडून ऐकून उतरवून घेतलेलं.

"आन गावनारी कोन?" आईने विचारलं.

"नाव नाही दिलेलं."

"कोन देतंय," म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

आई पालेगावची धवलारीण, म्हणजे लग्नात विधींची गाणी, धवले, गाणारी. आमच्या आगरी लग्नांत भटजीइतकाच तिचा मान. प्रत्येक विधीला तिचा धवला हवाच. सगळं तोंडपाठ, कागदावर एक ओळ नाही. मी शिकले नाही. शिफ्ट करून आल्यावर कोण शिकतंय? पण तिला आता धाप लागायची, आणि त्या कॅसेटने माझ्या मनात धास्ती भरली. तिकडच्या बायकांचं गाणं निदान कुणी उतरवून तरी घेतलं. ही गेली की सगळंच गेलं.

मी टेपरेकॉर्डर तिच्यापुढे ठेवला. बाई भडकली. "हलद लागल्याबिगर धवला नाय गावाचा. कुनाचा लगीन हाय हितं?" महिनाभर मागे लागले. नाही म्हणजे नाही.

शेवटी चुलतभावाच्या हळदीला टेप पिशवीत घालून गेले, पहिली शिफ्ट करून, तशीच. मांडवात डीजे दणाणत होता. "आजी, लवकर आटपा हां," कुणीतरी ओरडलं. इतका राग आला मला! पण भांडायचंही त्राण नव्हतं. आई गायला बसली. मी टेप तिच्या तोंडाशी धरला. लाल दिवा लागलाय ना, कॅसेट फिरतेय ना, माझं सगळं लक्ष त्यात.

आई गेल्यावर वर्षाने ती कॅसेट ऐकायचा धीर झाला. दोन ओळी स्वच्छ आल्यात. तिसरीला तिला धाप लागते. ती थांबते आणि म्हणते, "पोरी, पानी दे गो." पुन्हा एकदा म्हणते. नंतर बाजू संपेपर्यंत नुसता डीजे.

मी तिच्या शेजारीच बसले होते. तिला पाणी कुणी दिलं, मला माहीत नाही.