साडूच्या नावाचा माउथ ऑर्गन

माझ्या साडूकडे सगळंच माझ्यापेक्षा जास्त आहे. ही मोजणी मी केलेली नाही, आमच्या सासूबाईंनी केलेली आहे, म्हणून ती पक्की समजावी. तो चंद्रपूरला कोळशाच्या खाणीत साहेब आहे, मी गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात खिडकीतून गोळ्या देतो. त्याचं घर दुमजली, माझं क्वार्टर. त्याच्या गाडीत मे महिन्यात मागच्या सीटवर थंडी वाजते. डोक्यावरचे केससुद्धा त्याचेच दाट, आणि तो माझ्याहून काही फार लहान नाही. साडू म्हणून माणूस वाईटही नाही, ही आणखी एक अडचण. वाईट असता तर मला मोकळेपणानं त्याला नावं ठेवता आली असती.

एकाच गोष्टीत मी त्याच्या पुढे होतो. मला माउथ ऑर्गन वाजवता येतो.

बुद्ध पौर्णिमेला आम्ही सगळे वरोऱ्याला सासूबाईंकडे जमतो. सकाळी वंदना, मग खीर, मग दुपारभर कूलरपुढे आडवं पडणं. ऊन उतरलं की गच्चीवर पाणी मारायचं, सतरंज्या टाकायच्या, आणि सासूबाई म्हणणार, "जवाईबापू, काढा तुमचा बाजा." दोन जावई असलेल्या घरात जवाईबापू म्हटल्यावर नेमकं कोणी वळून पाहायचं, हा प्रश्न एरवी मला पडतच नाही, कारण ती हाक त्याच्यासाठी असते. पौर्णिमेच्या संध्याकाळी मात्र ती माझ्यासाठी असायची. मेहुणी आपल्या नवऱ्याला गप्प बसायची खूण करायची. तो उकिडवा बसून ऐकायचा. वर्षातला तेवढा अर्धा तास मला फार प्रिय होता.

वाजवायला मी एटापल्लीला शिकलो. नोकरीची पहिली कितीतरी वर्षं मी तिथे काढली. संध्याकाळी बाजारपेठ मिटली की करायला काही नसायचं, आणि क्वार्टरच्या मागे सागाची झाडं तेवढी ऐकायला होती. माउथ ऑर्गन बिघडला तर दुरुस्त कोण करणार? पार चंद्रपूरला हार्मोनियमवाला होता, त्याने एकदा माझा बाजा हातात घेऊन उलटा-पालटा केला आणि "हे खेळणं हाये जी" म्हणून परत दिला. म्हणून मीच उघडायला शिकलो. इंजेक्शनची सुई, चिमटा आणि घड्याळजीकडून आणलेला बारीक पेचकस, ही माझी हत्यारं. ती मी आजही एका गोळ्यांच्या डबीत घालून बाजासोबत बाळगतो.

आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात. त्यांना रीड म्हणतात. प्रत्येक रीड आपल्या खाचेवर केसभर उचललेली असते आणि सगळा खेळ त्या केसाचा आहे. जोरात फुंकणाऱ्याला ती जास्त उचललेली लागते, नाहीतर रीड खाचेत दबून गुदमरते आणि आवाजच निघत नाही. हळू फुंकणाऱ्याला कमी उचललेली लागते, नाहीतर सूर लागायच्या आत हवा फुसफुसत निघून जाते. दुकानातला बाजा असा कोणाच्याच श्वासाचा नसतो.

एटापल्लीला पुढे मोबाइलची रेंज आली, तीही दवाखान्याच्या पाण्याच्या टाकीजवळ. तिथे उभं राहून मला कळलं की जगात अशी माणसं आहेत जी माउथ ऑर्गन तुमच्या श्वासावर बेतून देतात. जर्मनीत एक जण. ब्राझीलमध्ये एक, तो लाकूड बदलून देतो. जपानमध्ये एक बाई फक्त सूर लावते, बाकी कशाला हात लावत नाही. अमेरिकेत एक जण मोटारीच्या गॅरेजात बसून हेच करतो आणि त्याच्याकडे लोक नंबर लावून थांबतात. लोक क्रिकेट पाहतात तसा मी या माणसांचे हात पाहायचो. त्यांच्याकडे बाजा पाठवणाऱ्या, मला अनोळखी असलेल्या, सातासमुद्रापलीकडच्या लोकांवरही मी जळायचो. माझा आवाका तेवढा मोठा आहे.

मी स्वतः यांतल्या एकालाही कधी लिहिलं नाही. ते आधी तुमच्या वाजवण्याचं रेकॉर्डिंग मागतात, त्यावरून श्वास ओळखतात. माझं ऐकून त्यांतल्या कोणी नुसतं "बरं आहे" म्हटलं असतं तर? पौर्णिमेचा माझा अर्धा तास मी कोणा जर्मनाला तपासायला देणार नव्हतो.

पण फुशारकी मारायला माझं काही जात नव्हतं. ती मी साडूसमोर मारली. कोण कुठे आहे, कोणाचं काम कसं, कोण कोणाहून सरस, सगळं सांगितलं. हा विषय निघाला की घरात फक्त मी बोलायचो आणि तो मान हलवायचा. मान हलवता हलवता त्याने एक माउथ ऑर्गन घेतला. मग व्हिडिओ पाहून शिकायला लागला. बायको मला म्हणाली, "आता तुमचं काय होते जी?" मी म्हणालो, त्याला नाही जमायचं. दोन फुंकरांत मी ओळखलं होतं, त्याचा श्वास दुधावरची साय बाजूला करणाऱ्या माणसाचा होता.

गेल्या वर्षी पौर्णिमेला तो नवी गाडी घेऊन आला. सासूबाईंनी गाडीला ओवाळलं. संध्याकाळी गच्चीवर माझी वेळ आली तेव्हा त्याने माझ्या तोंडासमोर मोबाइल धरला. "भाऊ, वाजवा. मले शिकायले कामी पडते." माझ्या पोटात ती गाडी अजून फिरत होती. मी असा वाजवला की खालच्या भोकांतून धूर निघायचा बाकी राहिला. वाजवून झाल्यावर तो म्हणाला, "वा." मला वाटलं, जिरली.

यंदा पौर्णिमेच्या आधी घरच्या ग्रुपवर फोटो आला. मखमली डबी, आत चकचकीत माउथ ऑर्गन, वरच्या पत्र्यावर साडूच्या नावाची दोन अक्षरं कोरलेली. खाली लिहिलं होतं: जर्मनीहून, खास माझ्या श्वासावर बनवून घेतलेला, पौर्णिमेला ऐकवतो. त्याखाली सासूबाईंचे हात जोडलेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो माणूस मी शोधला होता. पाण्याच्या टाकीजवळ उन्हात उभं राहून मी शोधला होता, आणि याने घरी सोफ्यावर बसून त्याच्याकडून बाजा करून घेतला. बायको म्हणाली, "तुमी बी एक अंगठा पाठवा, बरं दिसते." मी पाठवला. त्यानंतर मी जेवलो नाही. बायकोने ताट झाकूनसुद्धा ठेवलं नाही.

पौर्णिमेला वरोऱ्याला पोचलो तेव्हा तो हसून भेटला, पण त्याचं लक्ष कुठेतरी होतं. खीर झाली, सगळे कूलरपुढे लवंडले. मी मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्याला टेकून बसलो होतो. तो आत आला, दार लोटलं आणि डबी माझ्यापुढे ठेवली.

"भाऊ, वाजत नाई."

"काऊन?"

"नुसती हवा जाऊन राह्यली. दहा दिवसांपासून पाहून राह्यलो."

मला झालेला आनंद मी तोंडावर येऊ दिला नाही. बाजा उचलला, तोंडाला लावला आणि फुंकलं.

तो वाजला. असा वाजला की मी बाजूला घेऊन त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा लावला. खालच्या दुसऱ्या भोकावर मी श्वास आत ओढतो तेव्हा जरा जास्तच ओढतो, ही माझी खोड आहे. तिथे प्रत्येक बाजा मला दगा देतो. याने दिला नाही. मी जितका ओढला तितका तो आला, आणि त्याच्या पुढचा सूर माझी वाट पाहत असल्यासारखा तयार होता. इतकी वर्षं मी वाजवत होतो म्हणजे दुसऱ्याच्या मापाच्या चपला घालून चालत होतो, हे मला सासूबाईंच्या तांदळाच्या खोलीत कळलं.

साडू खाली पाहत होता. "तुमचंच रेकॉर्डिंग पाठवलं होतं, भाऊ," तो म्हणाला. "माझं पाठवायची लाज वाटली. त्या जर्मनानं व्हिडिओ कॉलवर विचारलं, तुमी नेहमीच इतक्या रागात वाजवता का? मी म्हणलो, हो."

एक क्षण मला फार बरं वाटलं. म्हणजे हा माझ्यावर जळत होता. कोण जाणे किती वर्षं जळत होता आणि मला पत्ता नव्हता. पत्ता असता तर तेवढ्या पौर्णिमा मी किती सुखात काढल्या असत्या. मग त्याच्याही मागून दुसरा विचार आला आणि तो बसूनच राहिला. जगात एका माणसाने माझा श्वास नीट ओळखला होता, तासन् तास ऐकून त्यावर हात चालवला होता, आणि ते करून त्यावर नाव मात्र साडूचं कोरलं होतं.

"तुमाले येते ना हे खालीवर करता?" साडू म्हणाला. "संध्याकाळपर्यंत माझ्या श्वासाचं करून द्या. सगळ्यायले सांगून बसलो मी."

मी सांगू शकलो असतो की होत नाही. जर्मन कारागिराचं काम आहे, हात लावला तर बिघडेल. त्याने विश्वास ठेवला असता. संध्याकाळी तो फुसफुसला असता आणि मग हाक मलाच आली असती. हे सगळं मी विचार करून पाहिलं. आणि तरी मी डबीतून पेचकस काढला. चांगुलपणा म्हणून नाही. मला तो उघडून आत पाहायचा होता.

आत पाहिलं आणि माझा जळफळाट साडूला सोडून जर्मनीला गेला. काय हात होता त्या माणसाचा. वीस रीड, प्रत्येकीची उंची वेगळी, आणि ती का वेगळी हे मला प्रत्येकीपाशी कळत होतं. इथे मी घाई करतो. इथे मी दमतो. इथे मी उगाच जोर लावतो. दुसऱ्या भोकाची रीड सगळ्यांत उंच होती. मी सुईचं मागचं टोक तिच्यावर ठेवलं आणि दाबलं. मग पुढची. माझ्या मापाचा शर्ट कोणी शिवून आणावा आणि मीच बसून तो दुसऱ्याच्या अंगाला उसवून द्यावा, तसं ते काम होतं, आणि मी ते चोख केलं. वाईट करायला हात वळला नाही. मधे मधे साडू फुंकून दाखवायचा, मी आणखी केसभर दाबायचो. शेवटी त्याच्या त्या साय बाजूला करणाऱ्या फुंकरीने सूर निघाला. तो एवढा खूश झाला की त्याने माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

संध्याकाळी गच्चीवर त्याने एक सोपी चाल वाजवली. दोनदा चुकला. पण आवाज इतका गोड होता की चुका कोणाला ऐकू आल्या नाहीत. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मेहुणी माझ्या बायकोकडे पाहून हसली, आणि माझी बायको माझ्याकडे न पाहता हसली.

मग सासूबाई म्हणाल्या, "आता तुमी वाजवा, जवाईबापू." मी खिशात हात घातला. तेवढ्यात साडूने स्वतःचा बाजा माझ्यापुढे धरला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट मला काहीतरी परत द्यावं असं त्याला वाटत असणार. "भाऊ, यावर वाजवा. ऐकू द्या सगळ्यायले."

मी घेतला. पत्र्यावरची ती दोन अक्षरं माझ्या ओठांसमोर आली. मी फुंकलं आणि आवाज निघाला नाही. पुन्हा फुंकलं, जोरात. एक भोक चिरकलं, बाकीची बंद. रीड गुदमरत होत्या. तिकडे कोपऱ्यात पोट्टे हसले, त्यांना मेहुणीने दटावलं.

"राहू द्या," सासूबाई समजुतीने म्हणाल्या. "त्यायच्या श्वासावर बनवलेलं हाये ते. दुसऱ्याले नाई जमत."

साडूने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण ते बोलायला त्याला जी गोष्ट सांगावी लागली असती ती त्याला सांगवेना. मीही त्याला मदत केली नाही.

हळू फुंकलं असतं तर तो वाजला असता. हे मला तिथे बसल्या बसल्या ठाऊक होतं, त्या वीसही रीड मीच दुपारी खाली बसवल्या होत्या. फक्त एक हलकी फुंकर लागत होती. पण समोर साडू उभा होता, आणि तो समोर असताना हलकं फुंकणं मला आजवर कधी जमलेलं नाही.