पन्नासची लेन्स आणि बाबा

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमचं घर नांदेडकडून हैदराबादला आलेलं, बौद्ध. घरात देव्हाराच नाही, तिथे भूतबाधा कुठली! म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली...

डिजिटल एसएलआर कॅमेरे नोकरदारांच्या आवाक्यात नुकते यायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. मी बँकेत, वय एकेचाळीस, लग्न केलेलं नाही. मलकपेठला रेसकोर्समागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर बाबा आणि मी राहायचो. बाबा सिकंदराबादला रेल्वेतून रिटायर झालेले. काचबिंदूने सहा वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही डोळे गेले. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं — नस वाळली आहे, आता उजेडसुद्धा कळणार नाही.

फोटोग्राफीचं वेड मला फिल्मच्या काळापासून. कोठी बाजारातला कॅमेऱ्यांचा दुकानदार ओळखीचा. त्याने कॅमेऱ्याच्या दोन बॉडी पुढे ठेवल्या. एक हलकी, सोबत झूम लेन्स, सगळं आपोआप. दुसरी जड, पण डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर मोठा, लख्ख. आणि माझी जुनी पन्नासची, म्हणजे पन्नास एमएमची, लेन्स तिच्यावर बसत होती — फक्त फोकस हाताने रिंग फिरवून करायचा.

"दोनों घर ले जाओ, मॅडम," तो म्हणाला. "इतवार को आराम से देखो, सोमवार को बोलो."

डिसेंबरातली रविवारची दुपार. गच्चीवर मऊ ऊन पसरलेलं, बाबा खाटेवर पाठ शेकत बसलेले. सगळं कसं संथ होतं... शेजारच्या दोरीवरची चादर हलायची, थांबायची. कुठून तरी फोडणीचा वास. कधी ही बॉडी, कधी ती, असं करत माझे दोन तास कसे गेले कळलंच नाही.

"ठरलं का?" बाबांनी विचारलं.

"नाही हो. डोकं म्हणतं हलकी घे, पण जड हातातून सुटत नाही."

"दे इकडं. वजन बघतो."

पन्नासची लेन्स लावलेला जड कॅमेरा मी त्यांच्या हातात दिला, पट्टा गळ्यात अडकवला. त्यांनी आयुष्यात कॅमेरा धरला नव्हता. थोडा वेळ चाचपला... मग सहज, चष्मा लावावा तसा डोळ्याला लावला. मला हसू आलं. वाईटही वाटलं.

बाबा हलले नाहीत. डावा हात लेन्सखाली गेला. रिंग थोडी पुढे, थोडी मागे...

"चादर निळी आहे," ते अगदी हळू म्हणाले. "कोपऱ्यात फाटली."

मी वळून पाहिलं. फाटली होती.

तोवर लेन्स माझ्याकडे वळली. रिंग परत फिरली, थांबली.

"मंगा... हनुवटीला काय लागलं हे?"

माझा हात हनुवटीवर गेला. चार महिन्यांपूर्वी मी स्कूटीवरून पडले होते. पाच टाके. बाबा काळजी करतील म्हणून त्यांच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं.

"स्कूटीवरून पडले होते, बाबा."

"हौ? आन् मला सांगायचं नाही?" आवाजात राग नव्हता. बोट दाबलं गेलं, शटर वाजलं. "किती वाळलीस गं..." म्हणाले, आणि कॅमेरा खाली घेतला.

मी त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला. काही नाही. परत त्यांच्या डोळ्याला कॅमेरा लावून पाहिला — काळोख. हलकी बॉडी दिली, झूम दिली, डोळा बदलून पाहिला, ऊन उतरेपर्यंत. शेवटी तेच म्हणाले, "नक्को बेटा, आता नाही दिसत." आणि माझा हात धरून बसून राहिले.

डॉक्टर म्हणाले, वाळलेल्या नसेपुढे कुठलीही काच धरली तरी फरक पडत नाही. मैत्रीण म्हणाली, शेजारणीने सांगितलं असेल. असेलही. चादर, टाके, सगळं कुणीतरी सांगितलं असं मानायला मी तयार आहे. पण त्या फोटोचं काय करू? त्या लेन्सने अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, पूर्ण उघडून जवळून चेहरा घेतला, की नाक स्पष्ट आणि कान पुसट. माझेच दहातले सात फोटो हुकतात. बाबांच्या त्या एकुलत्या एक फोटोत माझ्या हनुवटीवरची एकेक खूण मोजता येते...

जड बॉडीच घेतली. बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमधल्या एकाने तो फोटो पाहून विचारलं, "इतका नेमका फोकस कुणी केला?"

"बाबांनी."

"फोटोग्राफर होते का?"

मी नाही म्हणाले. त्यापुढे काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.