गाभोळी नसलेली बोय

विश्वासराव टिपणीस आगाऊ कळविल्यावाचून कोणाच्याही दारात उभे राहिले नाहीत. शहरातच मांडवीत राहणाऱ्या सख्ख्या बहिणीकडे जायचे, तरी आदल्या दिवशी फोन ठरलेला. आजोबा संस्थानच्या नोकरीतले. यजमानाला तयारीस अवधी न देणे हा असभ्यपणा, अशी घरची शिकवण होती. पत्नी सुनीतीबाई म्हणत, "यमदूत आला तरी हे विचारतील, आधी कळवलं होतंत का?"

रसायनशास्त्राचे पदवीधर असलेले विश्वासराव निवृत्तीनंतर एका प्रयोगशाळेसाठी काम करीत. पादरा गावाच्या बाजूला रंगांचा एक कारखाना होता. तेथून नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याचा नमुना ते दरमहा घेत. बाटली स्वतः धुवायची, स्वतः भरायची, लाख लावून सही करायची. निकाल नेहमी मर्यादेत येई. कारखान्याचे व्यवस्थापक उदयसिंहराव हे आखाड्यापासूनचे मित्र. नमुन्याच्या आदल्या दिवशी त्यांना फोन करणे, हाही शिरस्ताच होता.

यंदा गणपतींचे विसर्जन झाल्यावर विश्वासरावांनी बाजारातून त्याच नदीतली बोय मासळी आणली. या दिवसांत तिच्या पोटात दोन बोटे जाडीची पिवळी गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, असायची. सुनीतीबाई ती हळद-मीठ लावून तळत. मासळी साफ करणे हे विश्वासरावांचे काम. त्यांनी एक बोय चिरली. गाभोळीच्या जागी करड्या दोऱ्यासारखे काहीतरी निघाले. दुसरीतही तेच.

ते तसेच मच्छीवाल्या दुर्गेकडे परतले.

"काका, आता असंच येतंय," ती म्हणाली. "पिल्लंसुद्धा दिसत नाहीत. लोक कारखान्याच्या पाण्याला नावं ठेवतात."

"ते पाणी मी तपासतो, दुर्गा."

"मग काय! तुम्हालाच ठाऊक," ती हसून म्हणाली.

तिचे हसणे त्यांच्या मनातून जाईना. काही रसायने मासा मारीत नाहीत. त्याची अंडी धरू देत नाहीत. मासा धडधाकट दिसतो आणि वंश मात्र खुंटतो, हे त्यांना माहीत होते. पण मग आपले निकाल? आपली सही खरी की खोटी, हे कळल्यावाचून त्यांना घास गोड लागणार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी, आयुष्यात प्रथमच, फोन न करता ते निघाले.

कारखान्याच्या नदीकाठच्या नळातून तांबडेलाल पाणी धो धो पडत होते. व्हॉल्व्हवर बसणारा गुजराती म्हातारा त्यांना पाहून धडपडत उठला.

"अरे साहेब! आजे फोन नथी आव्यो? ऊभा रहो, बोअरनुं पाणी चालू करूं. हमणां चोख्खुं थई जशे!"

पाणी आत्ता स्वच्छ होईल, हे सांगताना त्याच्या स्वरात लपवाछपवी नव्हती. घरच्या माणसाशी बोलावे तसा तो बोलला. दर महिन्याला तो इतक्या आपुलकीने नमस्कार का करीत असे, ते विश्वासरावांना आत्ता उमगले. "राहू द्या," ते म्हणाले.

निरोप मिळताच उदयसिंहराव आले.

"विश्वा, न सांगता? ताप-बिप आलाय का तुला?"

"बोअरचं पाणी केव्हापासून मिसळता?"

"केव्हापासून म्हणजे? तू फोन करतोस तेव्हापासून."

"तो शिष्टाचार होता, उदय."

"आम्हाला समजूतदारपणा वाटला. अख्खा स्टाफ तुला मानतो. टिपणीससाहेब म्हणजे देवमाणूस!"

शिवी दिली असती तर बरे, असे विश्वासरावांना वाटले.

"बरं, चल, चहा घेऊ," उदयसिंहरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मागच्या सगळ्या सह्या कोणाच्या आहेत, तेवढं ध्यानात ठेव. बुडालो तर दोघंही बुडू."

विश्वासरावांनी तो हात बाजूला केला. ते नळाशी वाकले. नियमाप्रमाणे बाटली त्याच पाण्याने विसळली, काठोकाठ भरली, लाख लावली. चिठ्ठीवर तारीख घातली, ठिकाण घातले. मग, तसा रकाना नसतानाही, खाली स्वच्छ अक्षरात लिहिले: 'पूर्वसूचना दिलेली नाही.' आणि सही केली.

"मागचे नमुने कसे भरले गेले, ते मी उद्या प्रयोगशाळेला लिहून देणार आहे," ते म्हणाले. "माझ्या फोनसकट."

"वेडा आहेस का? मला हे सांगतोस कशाला?"

"सवय," विश्वासराव म्हणाले. "आगाऊ कळवतोय. हे शेवटचं."