कोरडं घमेलं

“आत नको रे भो. तुही फरशी खराब होईन.”

नाना गाडी गॅरेजात घ्यायला तयारच नव्हते. रस्त्याच्या कडेला, भर उन्हात त्यांनी ती उभी केली आणि डिकीतून एक जुनं लोखंडी घमेलं काढून इंजिनाखाली सरकवलं. माझ्या गॅरेजच्या फरशीचा मूळ रंग कोणता, हे तोवर मलाही आठवत नव्हतं. मोबिल ऑइल पिऊन पिऊन ती काळीकुट्ट झाली होती. मला हसू आलं. म्हटलं, “नाना, हे गॅरेज आहे. इथे तेल सांडलं नाही तर लोक म्हणतील धंदा बसला.”

नाना हसले नाहीत.

नाना बोदवडचे. रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यांनी ही जुनी अँबॅसेडर घेतली होती. भाड्याने फिरवायला नाही, स्वतःला फिरायला. जळगावात माझं गॅरेज नवीन होतं, पण गळती काढण्यात माझा हात बरा आहे असं त्यांच्या कानावर गेलं होतं. खरं सांगायचं तर या गोष्टीचा मला थोडा गर्वही होता.

मी खाली वाकून पाहिलं. चेंबर गळत होतं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी बसवलेला पत्र्याचा खोलगट डबा. इंजिनाचं सगळं ऑइल त्यात साठतं, तिथून पंप ते वर ओढतो आणि सगळीकडे फिरवून परत खाली सोडतो. डबा आणि इंजिन यांच्यामध्ये कॉर्कचं पॅकिंग असतं. ते गेलं की ऑइल बाहेर येतं.

“थोडं गळतंय नाना. नवीन पॅकिंग टाकू. पण इतक्या जुन्या गाडीला एवढं चालायचंच.”

“नाही चालत. एक थेंब गयाला नाही पाहिजे.”

मग चहा पिता पिता त्यांनी कारण सांगितलं. एकुलती एक मुलगी, सुमन. चाळीसगावला दिलेली. सासरच्यांनी घरापुढे नवी, पांढरी फरशी घातली होती. नाना महिन्यातून दोन-तीनदा मुलीला भेटायला जात. गाडी फरशीवर उभी राहिली की मागे काळा डाग. विहीणबाई तोंडाने काही बोलत नसत. फक्त नाना आले की मुकाट्याने एक पोतं आणून गाडीखाली अंथरत. शेजारीपाजारी बघत असत. मग नानाच आपलं घमेलं घेऊन जायला लागले. पण घमेलं सरकवेपर्यंत दोन-चार थेंब पडायचेच.

“परवा निंघालो, अन् चष्मा राहिला म्हनून माघारी गेलो,” नाना म्हणाले. “पाह्यतो तं पोरगी गुडघ्यावर बसेल. सोडा अन् काथ्या घेऊन फरशी घासू राह्यली होती. माह्या गाडीचा डाग. मी दरखेपेले तिले भेटून येतो, अन् ती दरखेपेले हे करत असंन.”

चहाचा कप त्यांनी तसाच खाली ठेवला. मी कारागिराला हाक मारली आणि गाडी आत, पिटच्या खड्ड्यावर घ्यायला सांगितली. या वेळी नानांनी खिशातून चावी काढून दिली.

ऑइल काढलं, बोल्ट काढले, चेंबर खाली घेतलं. खरा घोळ तेव्हा कळला. आधीच्या मेकॅनिकांनी प्रत्येक वेळी गळती दिसली की बोल्ट आणखी आवळले होते. लोकांना वाटतं, जितकं घट्ट तितकं चांगलं. चेंबरच्या बाबतीत उलटं असतं. पत्रा पातळ असतो. बोल्ट आवळला की भोकाजवळ तो वर ओढला जातो, मधल्या भागात फट पडते आणि तिथून ऑइल वाहतं. मग माणूस आणखी आवळतो आणि फट आणखी वाढते. इथे तर चेंबरची कड पापडासारखी लाटालाटांची झाली होती.

मी चेंबर रॉकेलने धुतलं. तळाशी बसलेला काळा गाळ खरवडला. ऑइल ओढणारी जाळी साफ केली. मग कड लाकडी ठोकळ्यावर उलटी ठेवून हलक्या हाताने ठोकत ठोकत एकेक भोक सपाट केलं. जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे करवतीच्या पात्याने काढले. नवीन पॅकिंग आणलं तर त्याची भोकं जुळेनात. आमच्याकडच्या उन्हाळ्यात दुकानात टांगलेलं कॉर्क आक्रसतं. ते कोमट पाण्यात भिजवून ठेवलं की पुन्हा फुगतं. भिजवलं, सुकवलं, कोपऱ्यांवर शेलॅकचा पातळ हात दिला. शेलॅक म्हणजे आमच्या धंद्यातला डिंकच समजा. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे करत, पाना दोन बोटांत धरून आवळले. रात्रभर गाडी तशीच ठेवली आणि सकाळी ऑइल भरलं.

मग इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरून गाडी चालू केली. बराच वेळ चालू ठेवली. कागदावर काही नाही.

नाना उकिडवे बसून कागद न्याहाळत होते. हात फिरवून पाहिला, वास घेऊन पाहिला. मग त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

“कायले?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

“पोरीले दाखवतो.”

निघताना मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, सायलेन्सरचा धूर निळसर आहे. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिन आतल्या आत ऑइल जाळतंय. आज ना उद्या रिंगा टाकाव्या लागतील. दुसरं, डॅशबोर्डवरचा ऑइलचा काटा बंद आहे. तो मीटर जळगावात मिळाला नाही, मुंबईहून मागवू. तोवर रोज सकाळी गेज बघत जा. आमच्या धंद्यात गेज म्हणजे इंजिनात खुपसलेली लोखंडी पट्टी, तिच्यावरच्या खुणेवरून ऑइल किती आहे ते कळतं.

“रोजच पाह्यतो,” नाना म्हणाले. “माहं त्याच्यावर बारीक लक्ष असते.”

मला ते खरं वाटलं, आणि ते खरं होतंही.

काही दिवसांनी नाना बोल्ट तपासून घ्यायला आले. या खेपेला गाडी थेट आत, फरशीवर. पिशवीत सुमनने दिलेले ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचे पापड होते, माझ्यासाठी.

“विहीणबाई पोतं घेऊन आल्या,” नाना सांगायला लागले. “मी म्हटलं, राहू द्या, आता गयत नाही. त्यायनं वाकून पाह्यलं. जेवण होईलोक गाडी उभी होती. कोरडी ठक्क! मंग म्हने, बसा अजून, घाई काय शे.”

शेवटचे शब्द त्यांनी विहीणबाईंच्याच अहिराणी ढंगात म्हणून दाखवले आणि मोठ्याने हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यानंतर नाना दर आठवड्याला चाळीसगावला जायला लागले. जाताना गॅरेजपाशी हॉर्न वाजवायचे. रिंगांची, मीटरची आठवण केली की हात हलवून म्हणायचे, “पुढच्या खेपेले.”

पावसाळा संपता संपता एक दिवस गाडी ट्रकला दोर बांधून आली. नाना ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले होते. पाचोऱ्याजवळ इंजिनाने आधी खडखड आवाज केला, मग धाडकन काहीतरी फुटलं आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली.

मी गाडी पिटवर घेतली. पहिल्यांदा चेंबरकडे पाहिलं. काम माझं होतं ना. पॅकिंग जागेवर होतं, कड कोरडी होती. मात्र वरच्या बाजूला ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्याला, मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. आतला कनेक्टिंग रॉड, पिस्टनला जोडलेला दांडा, तुटून बाहेर आला होता. ऑइल संपलं की बेअरिंग तापून वितळतं, मग रॉड मोकळा होतो आणि समोर येईल ते फोडतो. ब्लॉक फुटला म्हणजे इंजिन संपलं. चेंबरच्या तळाशी ओंजळभर काळं ऑइल उरलं होतं.

“नाना, गेज बघत होता ना?”

“घमेलं पाह्यत होतो. रोज सकायी.”

मला समजेना. मग त्यांनी त्यांचा हिशेब सांगितला. रोज रात्री गाडीखाली घमेलं ठेवायचं. सकाळी घमेल्यात जेवढं ऑइल दिसेल, तेवढंच दिवसा रस्त्यात गळत असणार, म्हणून त्याच्या दुप्पट नवीन ऑइल इंजिनात टाकायचं. गाडी घेतली तेव्हापासून त्यांनी हेच केलं होतं. गेजची पट्टी त्यांनी कधी काढलीच नव्हती. मी ‘गेज बघा’ एवढंच म्हणालो होतो आणि त्यांच्या डोळ्यांपुढे घमेलं आलं.

गंमत अशी, की हा हिशेब चुकीचा असूनही बरोबर पडत होता. झिजलेल्या रिंगा जेवढं ऑइल जाळत, तेवढं या दुपटीत भरून निघायचं. मी गळती बंद केली आणि घमेलं कोरडं पडलं. शून्याची दुप्पट शून्य. नाना रोज सकाळी कोरडं घमेलं पाहून खुश होत होते आणि इंजिन आतल्या आत रिकामं होत होतं.

“म्हंजे गयत होती तेच बरं होतं?” नानांनी विचारलं.

त्या जुन्या गाडीला दुसरं इंजिन बसवणं त्यांच्या पेन्शनीला झेपणारं नव्हतं. गाडी भंगारात गेली. घमेलं मात्र ते घेऊन गेले.

बोदवडहून चाळीसगावला रेल्वेने जायचं तर भुसावळला गाडी बदलायची, जिने चढायचे-उतरायचे. नानांचे गुडघे दुखरे. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचे सणवार झाले. हॉर्न ऐकू आला की मी सवयीने बाहेर बघायचो. कुणी दुसराच असायचा.

काही वर्षांनी एका गिऱ्हाइकाची गाडी बंद पडली म्हणून मी चाळीसगावला गेलो होतो. काम आटोपल्यावर सुमनचं घर शोधून काढलं. नाना गेल्याचं मला उशिरा कळलं होतं, भेटायला जाणं राहून गेलं होतं. नाव सांगताच तिने ओळखलं. पाणी दिलं, चहा दिला. मी फरशीकडे बघत होतो. स्वच्छ, पांढरी. फक्त पायरीजवळच्या सांध्यात एक काळपट डाग होता.

“तो बाबांच्या गाडीचा,” ती म्हणाली. “सांध्यात मुरला म्हणून निघाला नाही. आता कुणी घासायला लागलं तर मी घासू देत नाही.”

मग जरा थांबून म्हणाली, “भाऊ, तुम्ही काम फार चांगलं केलं होतं. बाबा सगळ्यांना सांगायचे. पण मला कधी कधी वाटतं, इतकं चांगलं कशाला केलंत? डाग पुसायला मला काही वाटत नव्हतं हो. डाग पडला म्हणजे बाबा येऊन गेले, एवढंच असायचं ते.”

मी चहा संपवला आणि निघालो. परतताना पाचोऱ्यापाशी गाडी थोडा वेळ बाजूला घेतली.

तेव्हापासून माझ्याकडे चेंबरचं काम झालं की गाडी देण्याआधी मी बॉनेट उघडतो, गेजची पट्टी मालकाच्या हातात देतो आणि त्याला माझ्यासमोर ती पुसून, घालून, काढून, वाचायला लावतो. लोकांना राग येतो. एक डॉक्टर म्हणाले, मला काय येडा समजलास का? मी म्हटलं, नाही साहेब, पण एकदा वाचून दाखवाच.