कॉलरवालीचा उजवा पाय

...हां, तर कुठे होते मी? आजी सांगते तसं लिही गं, मध्येच हसू नकोस. हसण्यानंच तर सगळं झालंय.

माझी धाकटी जाऊ. कारखान्यात तिला कॉलरवाली म्हणतात. बावीस वर्षं शर्टाच्या कॉलरीच शिवतेय. तिला लघवी धरवत नाही. खोकली की थेंब, उठली की धार. कामाच्या पाळीत दोनदाच उठायची मुभा, म्हणून पाणीच पिईना, काळेच कपडे घालायची. मला सांगितलं, तर मी मेली हसले. म्हटलं, "बाळासारखा लंगोट बांध!" त्यानंतर ती बोललीच नाही. पुढचं तिच्या शेजारी बसून बटणांची काजं करणाऱ्या काजंवालीनं सांगितलं.

दवाखान्यातल्या बाईंनी तिला यंत्र दिलं, साबणाच्या वडीएवढं. घोट्याजवळ चिकट पट्ट्या लावायच्या, बारीक करंट सोडायचा. तिथली नस म्हणे लघवीच्या पिशवीला आवरायला शिकवते. रोज अर्धा तास, घरी, पाय लांब करून. गुण यायला बारा आठवडे. आता दीड खोलीत नवरा, मुलगा, सून. कुणाला कळू न देता पाय लांब करायचे कुठे?

मग तिनं कारखान्यातच लावलं, मोज्याच्या आत. आणि कुठल्या पायाला, तर उजव्या. मशीन चालतं त्याच पायानं! करंटनं पाय उडाला, पेडल दाबलं गेलं, सुई बोटातून आरपार. किंचाळली, आणि बसल्या जागी सगळं ओलं. तीस जणी बघतायत. सुपरवायझर म्हणाला, "नळ उघडा राहिला का?"

नऊ दिवस झाले, दार लावून बसलीय. जेवत नाही. एक तारखेला आली नाही तर मशीन दुसरीला देणार. मी दोनदा गेले. आतून म्हणाली, "जाऊबाई, हसायचं राहिलंय का अजून?" मी तशीच माघारी फिरले.

खरं सांगू? मलाही होतं. तुझा बाप झाला तेव्हापासून. माझं झाकायलाच हसले गं मी. हेही लिही, गाळू नकोस.

आता हा कागद काजंवालीच्या हाती दे. पुढचं तिच्यासाठी लिही: काजंवालीबाई, तुला ती दार उघडते. तिला सांग, यंत्र फेकू नकोस. कामावरून सुटलीस की रोज माझ्या, म्हणजे जाऊबाईच्या खोलीत ये. मी आतून कडी लावीन, कुणी विचारणार नाही. जाऊबाईनंही त्याच दुखण्यासाठी दवाखान्यात नाव घातलंय म्हणावं. एक तारखेच्या आत सांग बाई.