गाळलेल्या पाण्यातले जीव

जयसिंगपूरच्या पेठेत जिनपाल मगदूमचं कापडदुकान होतं. माणूस साधा, पण एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

१९९७ साली मुलीच्या, सोनलच्या, पुस्तकात त्याला लेव्हेनहूक भेटला. हॉलंडचा हा गडी तीनशे वर्षांपूर्वी कापडच विकायचा. धागे तपासता तपासता त्याला भिंगाचा नाद लागला. स्वतः घडवलेल्या इवल्या भिंगातून त्यानं पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव पाहिले. ना कॉलेज, ना लॅटिन! विद्वानांचा आधी विश्वास बसेना, तरी पठ्ठ्या हटला नाही. जिनपालला तो आपल्याच भावकीतला वाटला.

त्यातच त्याच्या आईचा, राजमतीअव्वाचा, काचबिंदू वाढला. वर्षभरात नजर जाणार, ती कायमचीच, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. साठ वर्षं ही बाई जैन रीतीप्रमाणे पाणी गाळून, उकळून पीत आली. गाळण्यावर राहिलेले जीव परत परसातल्या आडात सोडत आली. "ज्यास्नी जपलं, त्यास्नी एकदा बघाय मिळालं आस्तं," एवढंच ती बोलली. झालं! जिनपाल भिंग करायला बसला.

काचेची नळी जाळावर वितळवायची, तार ओढायची, टोकाचा मणी करून, तेच भिंग, दोन पितळी पट्ट्यांत बसवायचा, थेंब पुढंमागं सरकवायला स्क्रू लावायचा. बोटं भाजली. गिऱ्हाइकं विचारायची, "अण्णा, कापड सोडून मणी इकतायसा काय?" तो हसून पुढचा मणी करायचा. बत्तीस मणी झाले, दहा महिने गेले. थेंबात नितळ पाण्याशिवाय काही दिसेना. दर वेळी तो मण्यालाच दोष द्यायचा. इकडे अव्वाला माणसांचे चेहरे ओळखू येईनात; डोळ्याला लागून, उजेडात धरलेलं तेवढं दिसायचं. त्याला रडू यायचं, पण रडत बसायला वेळ कुठं होता?

एका सकाळी अव्वानं विचारलं, "पाणी कुठलं घेतलंयस रं?"

"तुझ्या घागरीतलं की."

"आरं खुळ्या! मी गाळून, उकळून ठेवल्याल्या पाण्यात कोण घावंल तुला?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

अव्वानं आडाचं पाणी गाळलं आणि गाळणं वाटीत उलटं धुतलं. जिनपालनं थेंब लावला आणि खिडकीच्या उजेडात पट्टी आधी आईच्याच डोळ्याला धरली. ती सांगेल तसा स्क्रू फिरवत राहिला.

"आगं बाई! हायत की रं! पळत्यात!" अव्वा ओरडली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला भान नव्हतं. मग एकदम दटावलं, "बास, वाळतील! आडात सोडून ये आदी."

जिनपालनं स्वतः अजून डोळासुद्धा लावला नव्हता. तो वाटी घेऊन आडाकडं पळाला.

दिवाळीच्या आधी अव्वाची नजर गेली. ती चाचपत पाणी गाळतच राहिली. "आता दिसत न्हाय, तर कशाला हा तरास?" शेजारीण म्हणाली.

"मी बघितल्यात त्यास्नी," अव्वा म्हणाली.