जिप्सीतली सहावी जागा

मंडळी, या ग्रुपवर मी आजवर फक्त खोड्या काढायला यायचो. कुणी चकवा लागल्याचं लिहिलं की खाली "त्या दिवशी काय घेतली होती?" ही कॉमेंट बहुतेक माझीच असायची. तेव्हा आज माझ्यावर कुणी हसलं तर तक्रार नाही.

मी कळमनुरीला खत-बियाण्याच्या दुकानात कामाला आहे. आई-बाबा साखऱ्याला, मेंढरांसोबत. बाबांनी जन्मभर लांडगे हाकलले, पण वाघ कधी पाहिला नाही. गेल्या वर्षी काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. बाबांनी एवढंच विचारलं, "तोवर वाघ दिसंल का?"

म्हणून टिपेश्वरची सफारी ठरवली... आपल्या ऐपतीत. मुक्काम नको म्हणून दुपारची फेरी, डबा घरचा, दुर्बीण दुकानमालकाची. जंगलात फिरवणाऱ्या उघड्या जिप्सीत सहा जण बसतात. मी, बायको, दोन लेकरं आणि बाबा. आई मेंढरं सोडून कुठंच जात नाही. फक्त तिथवर जायचं गाडीभाडं बजेटात बसेना. तेव्हा साडू म्हणाले, "माझी गाडी घ्या, डिझेल बी माझंच. फक्त आमी दोघं संगं येतो."

झाले सात! दुसरी जिप्सी परवडणारी नव्हती. मी यादीतून बाबांचं नाव गाळलं... हो, मीच. बुकिंगसाठी आणलेलं त्यांचं आधार कार्ड माझ्याच खिशात होतं. त्यांना सांगायची मात्र हिंमत झाली नाही. निघालो त्या सकाळी त्यांचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत.

जंगलात पाचच्या सुमाराला नाल्याशी वाघीण दिसली. आधी सगळे खूश. मग ती वळली आणि थेट आमच्याकडे चालत आली. ड्रायव्हर गाडी मागे घ्यायला गेला तर इंजिन बंद पडलं. गाईड कुजबुजला, "हलू नका." वीसेक पावलं उरली असतील. माझ्या तोंडून "बाबा..." निघालं. आवाज नव्हताच, नुसते ओठ हलले. शेजारी बसलेल्या बायकोलाही कळलं नाही.

आणि मागून हाळी आली – "हाऽऽड! हाऽऽड!" लांडगा आला की बाबा देतात ती, पोटातून. सगळ्यांनी ऐकली. वाघीण थबकली आणि गवतात शिरली.

गाईड उसळला, "कोण ओरडलं? आवाज करायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?" आमच्यातलं कुणीच ओरडलं नव्हतं. मागे नुसती रिकामी वाट होती. साडू घरी येईपर्यंत कुरकुरत होते, "कोन्या येड्यानं हाकलला, फोटो बी निघाला न्हाई."

दुसऱ्या दिवशी साखऱ्याला गेलो. बाबा ओट्यावर बसलेले, नवंकोरं धोतर नेसून. घसा पार बसलेला. आई माझ्याकडे न बघताच बोलली, "काल सकाळपासून गाडीची वाट पाहून राहिले. जेवले बी न्हाईत. अन् पाच वाजता बसल्या जागी वरडले. लांडगा न्हाई, काई न्हाई. सारी आळी गोळा झाली."

मी विचारलं, "बाबा, तुमाला वाघ दिसला का?"

"न्हाई रे. तू हाक मारली, तेवढी ऐकू आली." मग म्हणाले, "लेकरं भेली न्हाईत ना?"

आपल्याला का नेलं नाही, हे त्यांनी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

साखऱ्याची हाळी इतक्या लांब टिपेश्वरात कशी ऐकू आली, मला आजही कळलेलं नाही. माझ्या खोड्या काढा, पण कुणाला माहीत असेल तर सांगा.

यंदा पैसे जमवले आणि फक्त बाबांसाठी बुकिंग करायला बसलो. आता ते मलाही आवाजावरून ओळखतात. म्हणाले, "आता कशाला रे? तू पाहिला तो कसा व्हता, तेवढं सांग."

मी सांगायला लागलो. दोन वाक्यांत संपलं.